पाणीवालीचं पुढं काय झालं?

ताडकळसच्या बाजारात उत्तममामा वायरमन भेंडीचा भाव विचारत नाहीत, भेंडीवाल्याचं वय विचारतात. समोरचा पंचेचाळीसच्या आतला निघाला तर मामांचा त्याच्यातला रस तिथंच संपतो, मग भेंडी कितीही कवळी असो. पंचेचाळीसच्या पुढचा असला की मामा पिशवी खाली ठेवतात, टोपी मागं सरकवतात आणि अगदी खाजगी आवाजात विचारतात, "त्या टायमाला तुमच्याकडं टीव्ही होता का? रविवारची ती डोंगरातल्या मास्तरणीची शिरीयल बघितली का? त्यातल्या पाणीवालीचं पुढं काय झालं?"

भेंडीवाला माझ्याकडं बघतो. मी मान वळवून वांगी बघते. शेजारधर्म म्हणून मामांसोबत बाजार करायचा म्हणजे एवढं आलंच.

बरं, बाजारापुरतं असतं तर चाललं असतं. परभणीच्या एसटीत त्यांनी तिकिटाच्या आधी कंडक्टरचं वय विचारलं. कंडक्टर निघाला पन्नाशीचा आणि हौशी. त्यानं गाडीत सगळ्यांना विचारलं. परभणी येईपर्यंत गाडीत दोन तट पडले होते. एका तटाचं म्हणणं, मास्तरणीनं शेवटी डॉक्टरशी लग्न केलं. दुसऱ्याचं म्हणणं, त्या मालिकेत डॉक्टर नव्हताच, तो दुसऱ्या मालिकेतला. पाणीवाली मात्र कुणालाच आठवेना. एकदा गल्लीतल्या एका पोरीसाठी मामांना मोठं माणूस म्हणून मानवतला मुलगा बघायला नेलं होतं. तिथं त्यांनी मुलाचा पगार विचारला नाही, मुलाच्या बापाला शिरीयल विचारली. बापानं त्या मालिकेची सुरुवातीची धून तोंडानं वाजवून दाखवली. दोघं इतके खूश झाले की सोयरीक चहाच्या आधीच पक्की झाली. लग्न जमलं, पोरगी नांदतेय, पाणीवाली सापडली नाही.

उत्तममामा आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. नात्यानं कुणी लागत नाहीत, पण मी फ्रॉकात होते तेव्हापासून ते मामा आणि त्यांची बायको गयामामी. मूलबाळ नव्हतं, दोघंच. मामा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी खिशात टेस्टर असतोच. कुणाच्या घरात शिरले की आधी मीटरचा बोर्ड बघतात, मग माणसं. "वायर उघडी हाय," हा त्यांचा नमस्कार. कुणी जास्त बोलायला लागलं की म्हणणार, "लोड बघा जरा, लोड बघा." माझी आई गावच्या शाळेत मास्तरीण होती, पुढं मीही तिथंच लागले. म्हणून आई त्यांची 'मोठ्या बाई' आणि मी 'बारक्या बाई'. माझी पन्नाशी जवळ आली, दोन दातांवर कॅप बसली, तरी मामांच्या लेखी मी बारकीच.

आता त्या शिरीयलीचं सांगते. त्या काळचा रविवार ज्यांनी भोगला नाही त्यांना नुसतं सांगून काय कळणार, पण सांगते. गावात टीव्ही मोजून पाच-सहा. आमच्याकडं एक होता, लाकडी खोक्यातला, सरकत्या दाराचा, कृष्णधवल. विहारातली वंदना उरकून आई घरी आली की कुलपात ठेवल्यासारखा बंद असलेला तो टीव्ही नऊला उघडायचा. तोवर बैठकीत पोरं इतकी दाटलेली असायची की चपला बाहेर रस्त्यापर्यंत. एक जण माळवदावर अँटेना धरून उभा. "आलं का?" "आलं, आलं. गेलं. माघारी फिरव." पडद्यावर सदा मुंग्या. मास्तरणीच्या डोंगरात बर्फ पडायचा तेव्हा बर्फ कोणता आणि मुंग्या कोणत्या, यावर आमच्यात मारामाऱ्या व्हायच्या.

मालिकेच्या आधी उंटाचं कार्टून असायचं. त्या उंटाला कायम सर्दी. तो शिंकला की वाळवंटात वादळ उठायचं आणि तंबू उडून जायचे, बस, एवढंच कार्टून. आज माझ्या मोबाईलवर जगातलं सगळं दिसतं, आणि खोटं कशाला सांगू, मला त्यातलं काही नको असतं. मला तो उंट पाहिजे असतो. शिंक यायच्या आधी तो जी मान वर करायचा, तेव्हा बैठकीतली चाळीस पोरं श्वास धरून बसायची, ते पाहिजे असतं. त्या पोरांतली निम्मी आता पुण्याला आहेत आणि दोन-तीन तर जगातच नाहीत.

या सगळ्या आनंदात एकच माणूस नव्हता, तो म्हणजे उत्तममामा. ते नऊ ते साडेदहा गावाबाहेर डीपीपाशी बसायचे. डीपी म्हणजे गावाला लाईट देणारा ट्रान्सफॉर्मर. गावात टीव्ही पाच-सहाच, पण रविवार सकाळ म्हणजे न्हाणीतले हीटर, इस्त्र्या, पाण्याच्या मोटारी, आणि त्यात तारेवर टाकलेले आकडे. लोड वाढला की फ्यूज उडायचा. आणि ऐन शिरीयलीत फ्यूज उडाला तर गाव वायरमनच्या अंगावर यायचं. म्हणून मामांनी स्वतःच स्वतःला ड्यूटी लावून घेतली होती. सायकल झाडाला टेकवायची, हातात फ्यूजची तार, आणि डोळे डीपीवर.

"येकदाच उडाला," मामा सांगतात. "म्या खाली मान घालून तार गुंडाळायलोय, आन वर बघतो तर आख्खं गाव माझ्याकडं चाललेलं. बायका सुदीक. येकीच्या हातात लाटणं."

लाटणंवाली माझी चुलती होती. चपात्या टाकून उठले म्हणून लाटणं हातात राहिलं, असं ती आजही शपथेवर सांगते. मामा मानत नाहीत.

तर त्या मालिकेची धून मामांना तोंडपाठ, कारण ती साऱ्या घरांतून एकदम सुटून डीपीपर्यंत जायची. पण मास्तरीण गोरी का सावळी, उंच का ठेंगणी, हे त्यांना माहीत नव्हतं. चित्र त्यांनी कधी बघितलंच नाही. त्यांची मालिका होती ती गयामामीनं सांगितलेली. मामी नऊच्या ठोक्याला आमच्याकडं टीव्ही बघायला यायची, आणि दुपारी मामा जेवायला बसले की भाकरी थापता थापता आख्खा भाग सांगायची. मामा म्हणतात, "गयी सांगायची तर असं वाटायचं, म्या तितंच हुबा हाय."

आता मामीच्या सांगण्याची जरा गंमतच होती. तिच्या कार्टूनातला उंट भलताच बोलका. वाण्याच्या दुकानात जाऊन खोकल्याचं औषध मागायचा, आणि वाणी म्हणायचा, मान खाली घाल, वरून काय बोलतोस ते ऐकू येत नाही. मी एकदा मामांना म्हटलं, "मामा, मी एक भाग चुकवलेला नाही. उंट मुका होता. नुसता शिंकायचा." मामांनी माझ्याकडं कीव करून बघितलं. "तुमी बारक्या होतात. तुमाला काय कळायचं."

आणि मास्तरणीच्या मालिकेत मामीनं एक बाई सांगितली होती, पाणीवाली. मामांच्या तोंडून मी ती इतक्यांदा ऐकलीय की मलाच आता डोळ्यांपुढं दिसते.

"शाळेत पाणी भरायला येक बाई होती. घागर ठिवायची आन भिंतीआडून धडे ऐकायची. मास्तरणीनं येक दिवस धरलं. म्हणली, भाईर कामून, आत ये. तव्हापासून बाई गुपचूप शिकायली. पाटी पिठाच्या डब्यात, वरून पीठ. येकदा नवऱ्यानं डब्यांत हात घातला. तिनं जीव मुठीत धरला. पर नवऱ्याला पायजे होतं मीठ." इथं मामा दरवेळी हसतात. "नवऱ्याला पाटी न्हाई घावली."

"नवरा काय करायचा तिचा?" मी एकदा विचारलं होतं.

"डोंगरात दिवे लावायचा. जरा तापट, पर मनानं चांगला, असं गयी म्हणायची. मंग त्या बाईला सोताचं नाव लिवता आलं. आता नवऱ्याला सांगावं का न सांगावं, ह्या इचारात बसलीय. आन तितंच शिरीयल खल्लास."

इतकी वर्षं मामांना त्याचं काही वाटलं नव्हतं. मालिका संपली, डीपी संपली, नोकरी संपली. दोन वर्षांपूर्वी मामीला परभणीच्या दवाखान्यात ठेवलं. मामा रात्रंदिवस खाटेपाशी. बोलायचे तरी किती आणि काय, म्हणून जुनं काही काही काढायचे. एके दिवशी त्यांनी विचारलं, "गये, त्या पाणीवालीचं पुढं काय झालं गं? तिनं सांगितलं का नवऱ्याला?" मामी बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिली म्हणे. मग म्हणाली, "घरी गेल्यावर सांगते."

मामी घरी आली नाही.

तेरावं झालं आणि मामांनी विचारायला सुरुवात केली. आधी गल्लीत, मग गावात, मग बाजारात. लोक हसायचे. मीही हसले, नाही कशाला म्हणू. पण एकदा एकट्यानं ओसरीवर बसलेले दिसले तेव्हा मला म्हणाले, "बारक्या बाई, ती सांगते म्हणली होती. तिच्या तोंडचं तेवढंच राह्यलंय माझ्याकडं यायचं." त्यानंतर मी हसायचं सोडलं. बाजारात वांगी बघते ती सवयीनं.

माझ्या आईलाही त्यांनी शंभरदा विचारलं असेल. आई ऐंशीची आहे, पण तिची आठवण अशी की माझ्या तिसरीतले मार्क सांगेल. तरी पाणीवालीचं नाव निघालं की ती "मला नाही बाई आठवत" म्हणून काहीतरी आणायला आत जायची. मला वाटायचं, वय झालं.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मला ती मालिका सापडली. कुण्या पुण्यवान माणसानं जुन्या कॅसेटीवरून उतरवून इंटरनेटवर टाकली होती, तेरा भाग, खाली आडव्या रेघा पळतायत आणि आवाज नाकातून. मी धावतच मामांकडं गेले. मला वाटलं मामा लगेच येतील. मामांनी विचारलं, "आज वार कोणता?"

"बुधवार."

"मंग रविवारी नऊला येतो."

मी म्हटलं, मामा, आता केव्हाही बघता येते, एका दिवसात तेरा भाग होतील. त्यांनी ऐकलं नाही. रविवार, नऊ वाजता, एक भाग. बाकी दिवस काय करायचं ते करा. तेरा रविवार माझ्या बोकांडी बसले. रविवारी मला केस धुवायचे असतात, कपडे असतात, पण सांगणार कुणाला.

पहिल्या रविवारी आंघोळ करून, इस्त्रीचा पायजमा घालून आले. मी मोबाईल टीव्हीला जोडला. धून सुरू झाली तसे मामा उठून उभे राहिले आणि दाराकडं निघाले. मी म्हटलं, कुठं? ते थांबले, मीटरच्या बोर्डाकडं बघितलं, आणि ओशाळून परत बसले. तिसऱ्या रविवारपर्यंत असंच चाललं. धून लागली की पाय डीपीकडं.

मास्तरीण बघून म्हणाले, "ही व्हय? म्या उंच धरली होती." मग पाणीवालीचा शोध सुरू. घागर घेतलेली कोणतीही बाई मागून गेली की, "थांबवा. माघारी घ्या. ही कोन?" मी मागं घ्यायची. ते टीव्हीला नाक लावून बघायचे. "न्हाई. ही पोरगी हाय. आपली मोठी हाय." मी जाहिराती पुढं ढकलायला गेले तर मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मधी कुठं असंल तर निसटंल." साबणाच्या जाहिरातीतल्या बायकासुद्धा त्यांनी तपासून घेतल्या.

आई खुर्चीवर बसून मेथी निवडायची. पहिले चार-पाच रविवार ती बघत होती. पुढं पुढं तिचं मेथीकडंही लक्ष नसायचं. एकदा काड्या ठेवून पानं टाकली तिनं.

तेरावा भाग आला. मास्तरणीची बदली होते, ती बसमध्ये बसते, पोरं मागं पळतात, बस वळणावर दिसेनाशी होते. धून. नावं. मामांनी एकेक नाव जाऊ दिलं.

"संपली?"

"संपली, मामा."

"ह्यात पाणीवाली न्हाईच."

मी टीव्हीला जोडलेला मोबाईल काढला.

मामा चिडले. मामांना असं चिडलेलं मी बघितलं नव्हतं. "कापलीय. कुणी टाकलीय ही? मधलं मधलं कापून टाकलंय हरामखोरानं. गयीनं सोता बघितलंय. ती खोटं बोलणारी बाई न्हवती."

तेव्हा आई बोलली. "उत्तमराव, कुणी काही कापलं नाही. ती टीव्हीत नव्हती. ती आत होती, माझ्या सैपाकघरात."

मामा तिच्याकडं बघत राहिले.

"टीव्हीला जाते म्हणून घरून निघायची. पोरं इकडं टीव्हीपुढं, आम्ही दोघी आत. मी शिकवायची, ती गिरवायची. बाहेरचं जे कानावर पडायचं तेवढं ती तुम्हाला सांगायची, बाकी मनचं रचायची. नाव लिहायला आलं तेव्हा मी म्हटलं, गया, आता सांग त्यांना. म्हणाली, एकदम कसं सांगू, आडून विचारून बघते. पुढच्या रविवारी आली ती पाटी परत करायलाच. म्हणाली, बाई, माझी शपथ आहे, कुणाला बोलू नका. मी आजवर बोलले नाही. पण आता तुम्ही परक्या बायकांत तिला शोधताय ते मला बघवेना."

मी तेव्हा त्याच बैठकीत होते. तेराही रविवार होते. चाळीस पोरांत मी पुढं, टीव्हीला खेटून. आणि मी कितीही आठवलं तरी मामी टीव्हीपुढं बसलेली मला एकदाही आठवेना. मला माझीच लाज वाटली.

मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिनं इचारलं होतं. म्या जेवायलो होतो. म्हणली, आवो, ती पाणीवाली इचारात पडलीय, नवऱ्याला सांगावं का. तुमाला काय वाटतं? म्या म्हणलो, कशाला सांगती. एवढी घोडी होऊन पाटी घिऊन बसलेली बघून हसंल की तो. आन म्या सोताच हसलो. लय हसलो, मोठ्या बाई. ठसका लागला. तिनंच पाणी दिलं."

आईनं हळूच म्हटलं, "तुम्हाला काय माहीत होतं."

"न्हाई ना माहीत. तेच तर." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मंग सोडलं का तिनं, तव्हापासून?"

"सोडतेय कसली. अक्षर एकदा आलं की जातं का? पुस्तकं न्यायची माझ्याकडून, पदराखाली. दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात शेवटचं परत आणून दिलं तिनं."

मामांनी मान हलवली, हलवतच राहिले. "दवाखान्यात कागूद आला होता सहीला. म्या म्हणलो, तिला येत न्हाई, आंगठा घ्या. म्याच तिचा आंगठा धरून शाईत बुडवला. तिनं धरू दिला."

माझ्या डोळ्यांना धार लागली होती. मी चहाचं निमित्त काढून उठणार होते, पण मामा अजून बोलत होते, आणि आता ते आमच्याशी बोलत नव्हते.

"रोज सांजच्याला म्या तिला पेपर वाचून दाखवायचो. तीस वर्षं. मोठ्या आवाजात, लय शाणा असल्यावानी. कटाळा आला की मधल्या वळी गाळायचो. अवघड शब्द आला की उडी मारून पुढं. ती समोर बसून ऐकायची. म्हणायची, येवढंच हाय का? म्या म्हणायचो, येवढंच. आन रोज, येक दिवस चुकला न्हाई, रोज म्हणायची, लय चांगलं वाचता हो तुमी."